रांगेबाहेरचा हिरा

माझ्या चौदा वर्षांच्या सरकारी नोकरीत मी तेरा वेळा एकच शब्द लिहिला होता, तो म्हणजे ‘निरंक’.

आमच्या खात्यात दर मार्चअखेर प्रत्येकाला आपल्या मालमत्तेचा तक्ता भरून द्यावा लागे. पहिल्या पानावर स्थावर, दुसऱ्यावर जंगम. घर, जमीन, विहीर, सोने, वाहन, रेडिओ. माझं शिरूरचं घर भाड्याचं, गावची जमीन चुलत्यांच्या नावावर आणि सायकल मेव्हण्याची. तेव्हा प्रत्येक रकान्यात मी निरंक लिही. माझं अक्षर चांगलं आहे, असं मी म्हणत नाही, खुद्द मोठे साहेब म्हणतात. तेरा वर्षांच्या सरावानं तर माझा ‘निरंक’ इतका सुबक झाला होता, की नव्या कारकुनांना वळण दाखवायला माझा तक्ता काढत. पण शेजारच्या टेबलावरचे बबनराव तक्त्याला दोन पुरवण्या जोडत आणि वर मला विचारत, “रणपिसे, तुमचं झालंसुद्धा?” हे ऐकून घेणं सोपं नसतं.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये माझी बायको अंजना वयाच्या बत्तिसाव्या वर्षी बाहेरून मॅट्रिक पास झाली. शिलाई मशीनवर पुस्तक उभं करून तिनं अभ्यास केला आणि गणितात माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त मिळवले. ही गोष्ट आळीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ती मीच सांगितली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दौंडहून माझ्या सासूबाई, सिंधूबाई, एस्टीनं आल्या. पाणीसुद्धा न पिता त्यांनी पिशवीतून एक जुनी पत्र्याची डबी काढली आणि गोंदलेल्या हातानं लेकीपुढं धरली.

“घे अंजे. मॅट्रिक झालीस की द्यायचं ठरिवलं हुतं.”

डबीत फडक्यात गुंडाळलेलं सोन्याचं कडं होतं. कड्यावर मधोमध एक चौकोनी झाकण, झाकणावर नऊ हिरे. तीन-तीनच्या तीन ओळी. सासूबाईंनी नखानं झाकण उघडलं, तर आत तुरीच्या डाळीएवढी तबकडी आणि मुंगीच्या पायाएवढे दोन काटे. ते घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटांवर ते केव्हाचं थांबलेलं होतं.

“आई, हे कुणाचं?” अंजनानं विचारलं.

“माजं. आता तुजं.”

सासूबाई तरुणपणी दौंडच्या रेल्वे बंगल्यात एका गोऱ्या इंजिनिअरच्या घरी कामाला होत्या. त्या साहेबाच्या बाईला त्या हेडाबाई म्हणत. ही हेडाबाई दागिन्यांची डिझायनर होती. दिवसभर व्हरांड्यात बसून दागिन्यांची चित्रं काढायची. ती चित्रं बोटीनं तिच्या देशाला जायची आणि तिकडचे सोनार त्याबरहुकूम दागिने घडवायचे. सत्तेचाळीस साली साहेब बिऱ्हाड घेऊन गेला, तेव्हा जाताना तिनं हे घड्याळ सासूबाईंच्या हातात घातलं. तेव्हापासून ते दौंडला जोंधळ्याच्या मडक्यात होतं.

“माझ्याच हातावर तिनं...” सासूबाई सांगू लागल्या, पण तेवढ्यात आळीतल्या बायका पेढे घ्यायला आल्या आणि ते वाक्य अर्धंच राहिलं. त्या वाक्याचा शेवट मी तेव्हा विचारायला हवा होता. पण सासूच्या गोष्टीचा शेवट विचारणारा जावई मी तरी पाहिलेला नाही.

घड्याळ अंजनाच्या हाताला काही बसलं नाही. कडी बोटभर उघडी राही. शेजारच्या आक्काबाईंचा हात काडीसारखा, त्यांच्या हातात ते फिरत राही आणि हाडावर टोचे. त्या कड्याचा घाटच विचित्र होता, एका बाजूनं थोडा दबलेला. अंजनानं ते डबीत घालून हळदीच्या डब्यामागं ठेवून दिलं.

मग मार्च उजाडला. साल शहात्तर. आणीबाणी चालू होती. त्या वर्षी आमच्या ऑफिसात माणसं वेळेवर येत आणि कागद वेळेआधी. मी तक्ता पुढं ओढला, स्थावरचं पान नेहमीच्या हातानं संपवलं, आणि जंगमच्या पानावर ‘सोने व जडजवाहीर’ या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. नियमानं बायकोची मालमत्ताही दाखवावी लागते. मी नियमाबाहेर जाणारा माणूस नाही. नियमाच्या जोडीला मनात आणखी काय होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

सासूबाई तेव्हा आमच्याकडंच होत्या. त्यांना विचारलं.

“लिवू नगा बापू,” त्या म्हणाल्या. “कागदाला एकदा पाय फुटलं, की तो कुटं जाऊन बसंल सांगता येत न्हाई.”

“आत्या, आपलं काय चोरीचं आहे?”

“चोरीचं न्हाई म्हून तर लिवू नगा म्हंते.”

हे तर्कशास्त्र मला पटलं नाही. मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात लिहिलं: ‘सोन्याचे हिरेजडित बायकी मनगटी घड्याळ, नग एक, विलायती डिझायनरने खास बनविलेले.’ कसे मिळाले? ‘सासूबाईंकडून.’ किंमत? इथं मी अडलो. किंमत कुणालाच ठाऊक नव्हती. रकाना मोकळा ठेवायचा नाही, अशी वर छापील सूचना होती. तेरा वर्षांचा निरंक माझ्या डोळ्यांपुढून गेला आणि मी लिहिलं: ‘अमूल्य’.

तक्ता बबनरावांच्या टेबलावरून पुढं जायचा होता. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. त्या दिवशी चहा त्यांनी मागवला. आयुष्यातले काही चहा विसरता येत नाहीत.

पंधरा दिवसांनी पुण्याच्या वरच्या ऑफिसातून पत्र आलं. ‘गतवर्षीपर्यंत निरंक असलेल्या कर्मचाऱ्याकडे चालू वर्षी विलायती सोन्याचे हिरेजडित घड्याळ आढळते. सदर वस्तू परदेशातून कोणत्या मार्गाने आली? खरेदीची पावती आहे काय? अमूल्य ही रक्कम आहे काय? सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा निलंबनाचा विचार करणे भाग पडेल.’

मी दोन ओळींचा खुलासा लिहायला बसलो होतो. पण संध्याकाळी शेजारचे पोपटराव आले. पोपटराव एस्टीत कंट्रोलर. गाडी का सुटली नाही हे रोज पन्नास माणसांना समजावण्याचं काम करत असल्यानं खुलाशांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

“दोन ओळीत भागत न्हाई रणपिसे,” ते म्हणाले. “सरकार कागुद वाचत न्हाई, हातात धरून वजन बघतं. जाड करा. सोनाराचं सर्टिफिकेट जोडा. दौंडला जाऊन मडमेचा पुरावा काढा. साक्षीदाराचा अंगठा घ्या.”

“आन् सोन्याचा कायदा?” आक्काबाई दारातून म्हणाल्या. “आमच्या भावजयीच्या मावसभावाकडं आली हुती मानसं. भिंती खणल्या.”

“घड्याळाला भिंत कशाला खणतील?” अंजना म्हणाली.

“तुमची भाड्याची हाय. मालकाला सांगून ठिवा.”

दुसऱ्या दिवशी घरमालक येऊन भिंती बघून गेला.

पहिला मुक्काम पेठेतले साहेबराव सोनार. अंजनाही बरोबर आली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ चहूबाजूंनी फिरवलं, मागची बारीक इंग्रजी अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली. ‘हेडा एल.’ एवढंच होतं. सोनं खरं. हिरेही खरे. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. मग साहेबराव म्हणाले, “पर ह्यात खोट हाय.”

“कसली खोट?”

“ह्यो बघा. नववा हिरा. ओळ सोडून बसलाय.”

मी भिंगातून पाहिलं. खरंच, शेवटच्या ओळीतला शेवटचा हिरा तिळाएवढा बाजूला सरकलेला होता. इतके महिने आम्ही ते पाहत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेना.

“मोठ्या कारागिराचा माल आसा नसतो,” साहेबराव म्हणाले. “कायतरी भानगड हाय. वाकड्या मालावर मी सही करीत न्हाई. तुमी म्हणत आसाल तर सरळ करून देतो. दोन मिनटांचं काम. मग सर्टिफिकेट बी चोख दीन.”

मी हो म्हणालो. लपवत नाही. माझ्या घरात चौदा वर्षांत एक मौल्यवान वस्तू आली आणि ती ओळीत नाही, हे मला सहन झालं नाही. आखलेल्या रेघेवर लिहिण्यात माझी हयात गेली आहे. साहेबरावांनी चिमटा उचललासुद्धा होता. तेवढ्यात अंजनानं त्यांच्या हातातून घड्याळ काढून घेतलं.

“आईला विचारल्याबिगर न्हाई,” ती म्हणाली. “तिनं दिलं तसंच राहील.”

साहेबराव रागावले. त्यांनी सर्टिफिकेट दिलं, पण शेवटी ठळक अक्षरात लिहिलं, ‘एक हिरा सदोष बसविलेला आहे.’ पाचशे मैलांवरच्या माणसानंसुद्धा आधी तेवढंच वाचावं, असं त्यांचं अक्षर होतं.

दुसरा मुक्काम दौंड. रजा घेऊन, न्हावऱ्यामार्गे धूळ खात, सासूबाईंना घेऊन मी पोहोचलो. वाटेत त्या दोनदा म्हणाल्या, “बापू, त्या हिऱ्याचं म्या सांगू का?” आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, “आत्या, हे कायद्याचं बोलणं आहे, तुम्ही नका त्यात पडू. मी सगळं कागदावर मांडतो.” त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

दौंडला जुन्या नोंदी सांभाळणारे एक बाबू भेटले. त्यांनी तासाभरानं साहेबाचं नाव शोधून दिलं. साहेब होता हे सरकारला मान्य होतं. साहेबाला बायको होती हेही मान्य. पण साहेबाच्या बायकोकडं कोण कामाला होतं, याची नोंद सरकार ठेवत नाही. तिनं कुणाला काय दिलं, याची तर नाहीच.

“मग ही बाई तिथं होती, हे सिद्ध कसं करायचं?”

“एखादा साक्षीदार बघा,” बाबू म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले.

साक्षीदार म्हणजे म्हाळू आप्पा. रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन, तेव्हा त्या बंगल्याशेजारीच राहायचे. त्यांना सगळं आठवत होतं. मी वही काढली. प्रतिज्ञापत्र दोन पानांचं झालं, त्यातलं दीड पान मडमेच्या कुत्र्याबद्दल होतं. कुत्रं उंच होतं, त्याला रोज शेरभर दूध लागायचं, त्यानं एकदा स्टेशनमास्तरच्या धोतराला धरलं होतं. “मडम कशी होती आप्पा?” मी मध्येच विचारी. “मडम चांगली हुती. कुत्र्यावर लई जीव.” “आणि सिंधूबाई?” “व्हय, ही हुती की. हिला कुत्रं कवा चावलं न्हाई.” शेवटी त्यांचा अंगठा घेतला. सासूबाईंच्या प्रामाणिकपणाचा सरकारी पुरावा म्हणून माझ्याजवळ आता एवढंच होतं, की त्यांना कुत्रं चावलं नव्हतं.

शिरूरला परत आलो, तर हवा बदललेली. मी नसताना एक पोलीस घरी येऊन घड्याळाची चौकशी करून गेला होता. पोलिसानं चहा घेतला आणि निघून गेला, पण आळीनं त्याला येताना पाहिलं होतं. ज्या बायकांनी हौसेनं घड्याळ घालून पाहिलं होतं, त्यांनीच आता नळावर बोलायला सुरुवात केली. सासू बंगल्यावर कामाला होती म्हणे. साहेब लोक घाईनं गेले म्हणे. घाईत काय काय मागं राहतं. पुढचं वाक्य कुणी पुरं करत नव्हतं. पुरं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सासूबाईंनी ते नळावर ऐकलं. घागर घेऊन घरी आल्या, घागर जागेवर ठेवली आणि भाकरी थापायला बसल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या एका शब्दासाठी, तोही खोट्या बढाईचा, त्या बाईला पन्नाशीत हे ऐकावं लागलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि मी जेवणाच्या बाबतीत हळवा माणूस नाही.

माझा खुलासा समक्ष ऐकायला पुण्याहून अधिकारी येणार, असं कळलं. त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी बबनरावांनी मला बाजूला घेतलं. ते दुष्ट नव्हते. त्यांचा तक्ता माझ्या तक्त्यामुळं पुन्हा तपासायला गेला होता, त्यामुळं प्रकरण मिटावं अशी त्यांचीही मनापासून इच्छा होती.

“रणपिसे, एक ओळ लिहा,” ते म्हणाले. “‘घड्याळ पितळेचे असून खडे काचेचे आहेत, नजरचुकीने सोने लिहिले गेले.’ सोनाराचं सर्टिफिकेट जोडूच नका. साहेब कशाला तपासतात? नोकरी वाचंल, सासू सुटंल.”

मी तो कागद खरोखरच लिहिला. सुबक लिहिला. सही तेवढी बाकी ठेवून घरी नेला आणि सासूबाईंना वाचून दाखवला.

“पितळ?” त्या म्हणाल्या.

“कागदावर फक्त, आत्या. घरात सोनंच राहील.”

मग त्या म्हणाल्या, “करा सही. तुमच्या नोकरीपरीस घड्याळ मोठं न्हाई. पर अंजीला तुमी सांगा. मॅट्रिक झाली म्हून आईनं पितळ दिलं, आसं तुमी सांगा. मला जमायचं न्हाई.”

मशीनचा आवाज बंद झाला. अंजना तिथंच बसून सगळं ऐकत होती. ती माझ्याकडं बघत राहिली. मी त्या कागदाची चौकोनी घडी घातली, मग आणखी बारीक घडी घातली, आणि चुलीत टाकली. माझ्या हातचं चांगलं अक्षर जळताना बघून मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

सुनावणी आमच्याच ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीत होती. पुण्याहून आलेले चौकशी अधिकारी वयस्क होते, जाड चष्म्याचे, आणि त्यांना उन्हाचा त्रास होत होता. एका बाजूला आमचे मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला साहेबराव सोनार, मूल्यमापनासाठी बोलावलेले. माझ्यामागं बाकावर सासूबाई. दारात पोपटराव, ‘शेजारी’ या नात्यानं. आक्काबाईही आल्या होत्या, कोणत्या नात्यानं ते कुणी विचारलं नाही. बबनराव खिडकीशी फाइल शोधत उभे होते. ती फाइल त्या खोलीत कधीच नसते.

मी माझा बारा पानी खुलासा वाचायला सुरुवात केली. म्हाळू आप्पांच्या कुत्र्यापर्यंत आलो, तेव्हा अधिकाऱ्यांनी हात वर केला.

“पुरे. सोनार, तुमचं मत काय?”

“साहेब, सोनं खरं, हिरं खरं. पर एक हिरा वाकडा बसवलाय. नामी डिझायनर आशी चूक करत न्हाई. माझ्या मतं कुणीतरी मागाहून हिरा काढून पुन्हा बसवलाय. हातोहात फिरलेला माल हाय.”

आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. मी कागदात तोंड घालून पुढचं जोडपत्र शोधू लागलो, पण हिऱ्याबद्दल एकही जोडपत्र माझ्याकडं नव्हतं. बारा पानांत मी सगळ्यांचं म्हणणं मांडलं होतं, फक्त सासूबाईंचं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी घड्याळ हातात घेतलं आणि थेट सासूबाईंकडं वळले. “बाई, हे तुमचं म्हणता ना? मग सांगा, हा हिरा वाकडा का?”

सासूबाई उभ्या राहिल्या. “म्या हात वढला म्हून.”

“काय?”

त्यांनी डाव्या हातावरचा पदर वर केला आणि हात टेबलावर ठेवला. मनगटाच्या जरा वर, जुन्या हिरव्या रंगात गोंदलेलं होतं. नऊ ठिपके. तीन-तीनच्या तीन ओळी. आणि शेवटच्या ओळीतला शेवटचा ठिपका, तिळाएवढा, बाजूला सरकलेला.

“राहू गावचं म्हायेर माजं. सात वर्साची हुते. दगडाबाई गोंदणारीण यायची, तिनं गोंदलं. आठ ठिपक्यांपतुर म्या गप बसले. नवव्याला सुई लई लागली, म्या हात वढला. ठिपका तिकडं ग्येला. आई वरडली, दगडाबाई वरडली. समदी म्हन्ली, पोरीनं नक्षी नासली. मग हेडाबाईकडं कामाला लागले. ती रोज माजा हात बघायची. कागदावर उतरवायची. म्या म्हन्लं, बाई, ह्यो एक चुकलाय, सरळ काढा. ती म्हन्ली, न्हाई, ह्यो तुजा हाय, बाकीचं कुनाचं बी आसतील. माझ्या मनगटाला दोरा गुंडाळून माप घेतलं तिनं. दोन वर्सांनी बोटीनं ह्ये आलं.”

अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला, घड्याळ हाताशेजारी धरलं आणि एकेक ठिपका, एकेक हिरा बोटानं मोजला. मग साहेबराव भिंग घेऊन पुढं आले. ज्या भिंगातून त्यांनी खोट पाहिली होती, त्याच भिंगातून ते माझ्या सासूबाईंचा हात पाहत होते, आणि सासूबाई तो हलवत नव्हत्या.

“घाला बघू हातात,” अधिकारी म्हणाले.

लहानपणी मोडून बसलेलं त्यांच्या मनगटाचं हाड एका बाजूनं थोडं दबलेलं होतं. कडं त्यावर नीट बसलं. कडी खट् करून लागली. आळीतल्या एकाही हातावर जो आवाज आला नव्हता, तो त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला.

वीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवलो होतो. प्रत्येक वेळी तो हात माझ्या ताटावर आला होता आणि मी भाकरीकडं बघत होतो. मला एवढा अभिमान वाटला आणि एवढी लाज वाटली, की दोन्हींपैकी आधी काय वाटलं ते आजही सांगता येणार नाही.

“साहेबराव,” अधिकारी म्हणाले, “तुमच्या सर्टिफिकेटमधला ‘सदोष’ शब्द खोडा आणि शेजारी सही करा.” साहेबरावांनी खोडला. मग अधिकारी निकालपत्र लिहायला बसले. वस्तू भेट मिळाल्याचं मान्य, कर्मचारी निर्दोष. एका जागी पेन थांबलं.

“बाई, इथं डिझायनरचं नाव लिहायचंय. हेडाबाई लिहू ना?”

“तिचं लिवा की. तिनं घडवलं. पर नक्षी दगडाबाईची हाय. राहूची. पायलीभर जोंधळं घेतलं हुतं तिनं.”

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहिलं: ‘डिझायनर: हेडा एल. मूळ नक्षी: दगडाबाई, मु. पो. राहू.’ त्या निकालपत्राची खरी नक्कल माझ्याकडं आहे. वरती गोल शिक्का आहे.

दारातून पोपटराव म्हणाले, “मी पहिल्यापासून म्हणत हुतो.” ते काय म्हणत होते, ते त्यांनाही नीट आठवत नसावं. आक्काबाई मात्र सरळ पुढं आल्या, सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, “माफ करा मावशी. नळावर म्या बी बोलले.” सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. बसा, च्या सांगितलाय बबनरावांनी.” बबनरावांनी सांगितला नव्हता, पण मग त्यांना सांगावा लागला.

घरी आल्यावर सासूबाई कडी काढू लागल्या, तर अंजनानं त्यांचा हात धरला. “आई, हे माझ्या मापाचं न्हाई. तुझ्याच मापाचं हाय. मला तू दिलंस तेवढं पुरं.” सासूबाई नको नको म्हणाल्या. अंजना मॅट्रिक झालेली, तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. घड्याळ सासूबाईंच्या हातातच दौंडला गेलं.

आता त्या बाजाराला जाताना रोज ते घालतात. वाटेत कुणी मुद्दाम वेळ विचारतं. त्या थांबून नखानं झाकण उघडतात, चार वाजून दहा मिनिटं नीट बघून घेतात, झाकण लावतात, मग स्टेशनाकडं कान देऊन खरी वेळ सांगतात. ती वेळ चुकल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये तक्ता आला. आमच्या घरात आता घड्याळ नव्हतं, आणि मी नियमाबाहेर जाणारा माणूस नाही. बबनराव मान वळवून बघत होते. मी नवं निब घातलं, ‘सोने व जडजवाहीर’ या रकान्यात पेन टेकवलं आणि इतक्या झोकात ‘निरंक’ लिहिलं, की शेवटचा ‘क’ रेघ सोडून जरा बाजूला गेला.

मी तो तसाच राहू दिला.